रॉड की वजन? मलावीतल्या हाडांच्या वॉर्डातून

परदेशात जाऊन फुकट काम करायलाही परवाना लागतो म्हटलं की लोक हसतात. मला उलट तो लागतो याचंच बरं वाटलं. मलावीच्या वैद्यक परिषदेला माझ्या पदव्यांच्या साक्षांकित प्रती हव्या होत्या, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा दाखला हवा होता, माझ्याविरुद्ध कुठली चौकशी चालू नाही असं पत्र हवं होतं, आणि तिथं नेमकं काय करणार ते लिहून हवं होतं. या कागदांपायी चिपळूण-मुंबई हेलपाटे झाले. एक शिक्का तर शाई पुसट उमटली म्हणून पुन्हा मारून घ्यावा लागला. पण उद्या एखादा परदेशी सर्जन आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात उभा राहिला आणि ‘सेवा करायला आलोय, थिएटर उघडा’ म्हणाला, तर आपण उघडू का? गरीब देशातल्या माणसाच्या मांडीवर कुणीही येऊन हात साफ करून घ्यावा, असं वाटणारी मंडळी अजून आहेत. त्यांच्यासाठी ही चाळण हवीच.

जाण्यामागं फार उदात्त कारण नव्हतं. मुलगा एमएस होऊन आमच्याच हॉस्पिटलात उभा राहिला, त्यानं नवा सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र, घेतला आणि मी हळूहळू ओपीडीपुरता उरलो. माझा एक जुना मित्र आफ्रिकेत शिकवायला जात असतो. त्याच्याकडून कळलं, दक्षिण मलावीतल्या एका सरकारी रुग्णालयाला असा माणूस हवाय ज्याला सी-आर्मशिवाय मांडीच्या हाडात नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवायचा धातूचा रॉड, टाकता येतो. नव्या पिढीत असे फार सापडत नाहीत. आम्ही मिरजेला रेसिडेन्सी केली तेव्हा वॉर्डात, मोडलेलं हाड ओढून सरळ ठेवायला, वजनं लटकलेल्या खाटांची रांगच असे, आणि फ्रॅक्चर उघडून के-नेल, म्हणजे जुन्या पद्धतीचा नेल, ठोकणं हे रोजचं काम होतं. घरी ही म्हणाली, ‘पोराच्या ऑपरेशनात लुडबूड करत बसण्यापेक्षा जा.’ तिकीट आपलं, राहायला रुग्णालयाच्या आवारात एक खोली. पीतज्वराची लस टोचून घेतली, मलेरियाच्या गोळ्या बांधल्या आणि नोव्हेंबरात अदिस अबाबामार्गे दक्षिण मलावीतल्या ब्लांटायर शहरात उतरलो.

मलावी हा लांबट, चिंचोळा देश. लोकसंख्या दोन कोटींच्या घरात. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत, ही त्यांची मोठीच गोष्ट. पण हाडांचे सर्जन मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. म्हणून त्यांनी १९८५पासून एक वेगळी वाट धरली. क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे एमबीबीएस नसलेला पण आजार तपासून औषधोपचार करणारा प्रशिक्षित माणूस. त्याला हाडांचं जादा शिक्षण द्यायचं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं. या लोकांना सगळे ओसीओ, म्हणजे ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर, म्हणतात. मोडलेलं हाड पहिल्यांदा बघतो तो हा, आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत सांभाळतो तोही हाच. आपल्याकडं असं काही नुसतं सुचवलं तरी संघटनांचे मोर्चे निघतील. मीही कदाचित त्यात चाललो असतो. तिथं त्यांचं काम बघितल्यावर मात्र चाललो नसतो.

पहिल्या सकाळी पुरुषांच्या वॉर्डात शिरलो आणि मिरज आठवली. खाटेच्या पायथ्याकडून दोऱ्या, कप्प्या, आणि खाली वजन म्हणून वाळूच्या पिशव्या, विटा, पाण्याचे कॅन. बहुतेकांची मांडी मोडलेली. कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं: काबाझा. भाड्यानं मागं माणूस बसवून नेणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली. एका गाडीवर तिघं, हेल्मेट कुणालाच नाही, आणि रात्री दिवा असेलच असं नाही. मुंबई-गोवा हायवेवर जन्म काढलेल्या माणसाला यात नवं काही नव्हतं. जगात रस्त्यांवर दरवर्षी साधारण १२ लाख माणसं मरतात आणि त्यांतली दहापैकी नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा छापून येतो. मोडलेल्या मांड्यांचा आकडा कुणी पाठ करत नाही. मेलेल्याची नोंद होते, लंगडा झालेला मोजलाच जात नाही.

वजन लावलेल्या माणसाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. मोठ्या माणसाची मांडी वजनावर जुळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस तो खाटेवर. त्याच्याबरोबर घरातलं एक माणूस, त्याला तिथं ‘गार्डियन’ म्हणतात. रुग्णालयाच्या मागं या गार्डियन लोकांच्या चुली पेटलेल्या असतात. नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि बरोबर पालेभाजी किंवा सुकी मासळी. आणि मी पोचलो तो नोव्हेंबर. पाऊस सुरू व्हायचा, मका पेरायचा महिना. खाटेवर नवरा आणि चुलीपाशी बायको अडकली की शेत पडीक, आणि त्याचा भोग पुढच्या वर्षाच्या उपासमारीच्या महिन्यांत. एका माणसानं मला राउंडला काय विचारावं? दुखतंय का, चालता येईल का, हे नाही. दुभाष्या सिस्टरनं सांगितलं, ‘तो विचारतोय, पेरणीआधी सोडणार का?’

यावरून वाटेल, मग सगळ्यांनाच रॉड टाका की! मलाही विमानतळावरून येताना तसंच वाटत होतं. पण तिथल्या प्लास्टर रूमचे प्रमुख, पन्नाशीतले एक ओसीओ, यांनी मला तिसऱ्या खाटेपाशी थांबवलं. त्या पेशंटला दुसऱ्या कुठल्यातरी गावी, पाहुण्या पथकानं प्लेट बसवलेली होती. पथक विमानानं परत गेलं. जखमेतून पू यायला लागला तेव्हा तो माणूस बसमधून यांच्याकडे आला. प्लेटचे स्क्रू ज्या कंपनीचे त्यांना लागणारा स्क्रूड्रायव्हर यांच्याकडे नाही. ‘डॉक,’ ते म्हणाले, ‘वजनावर वाकडं जुळलेलं हाड मी समजू शकतो. याचं काय करू?’

पाहुण्या सर्जनला मिळालेली सगळ्यात कामाची सूचना हीच होती. आपण गेल्यावर तिथल्या माणसांना जे निस्तरता येणार नाही ते करायचं नाही. बाकीची सगळी कामं याच गाळणीतून गाळली.

त्यामुळे सुरुवातीला मी थिएटरात कमी आणि वॉर्डात जास्त होतो. या गृहस्थांचं वजन लावणं बघण्यासारखं होतं. नडगीच्या वरच्या भागात भूल देऊन पिन घालायची, ती बाहेरच्या बाजूनं आत, कारण बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली पावलाची नस असते आणि पिन तिथं नजरेसमोर सुरू केलेली बरी. दोन्ही बाजूंना वेगळी दोरी. पलंगाचा खालचा भाग काढता येणारा, म्हणजे वजन चालू असतानाच पेशंटनं गुडघा वाकवायचा. याला पर्किन्स ट्रॅक्शन म्हणतात. आम्ही मिरजेला पुस्तकात वाचलं होतं, पण आमच्याकडं पाय स्प्लिंटमध्येच पडून राही आणि शेवटी हाड जुळे, गुडघा आखडे. इथं संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळा वॉर्ड एका ठेक्यात गुडघे वाकवायचा. एक म्हातारे पेशंट मोजणी म्हणायचे, बाकीचे ओढायचे. फिजिओथेरपिस्ट नसल्याची भरपाई अशी. रोज सकाळी ओसीओ फितीनं दोन्ही पायांची लांबी मोजत, जुन्या आकड्याशी ताडत आणि एखादी वीट कमी-जास्त करत. इतक्या वर्षांत मी एवढं मन लावून वजन लावलेलं नाही.

रॉडचा निर्णय रोज सकाळी फळ्यापाशी व्हायचा. कोणाचं फ्रॅक्चर वजनावर नीट राहत नाही, कोणाच्या दोन्ही मांड्या गेल्यात, कोणाला डोक्याचा मार आहे आणि पडून ठेवणं परवडणार नाही, नडगीतलं कोणाचं प्लास्टरमध्ये घसरतंय. यादी व्हायची चारांची, व्हायचं कधी दोघांचं, कधी एकाचंही नाही. भारनियमन मला नवं नाही. पण ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, अर्ध्यावर असताना वीज गेली की अख्खा संच पुन्हा पहिल्यापासून, आणि पावसात थिएटरचे कपडे वाळत नाहीत म्हणून यादी रद्द, हे नवं होतं. एकदा पाठीत द्यायचं भुलीचं इंजेक्शन संपलं. भूल देणारेही तिथं क्लिनिकल ऑफिसरच. फार तयारीची माणसं. केटामीन या भुलीच्या एका इंजेक्शनवर ते काय काय निभावून नेतात ते बघून मला घरच्या भूलतज्ज्ञांची यंत्रं आठवली.

नेल कुठला, ते सांगतो. लुईस झर्कल नावाचे अमेरिकन सर्जन व्हिएतनाम युद्धात लष्करी डॉक्टर होते. पुढं आशियातल्या गरीब रुग्णालयांत शिकवायला जाताना त्यांच्या लक्षात आलं, शिकवून उपयोग नाही, टाकायला नेलच नाहीत. १९९९मध्ये त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडला ‘साइन’ ही संस्था काढली. तिथं बनवलेले नेल ५०हून अधिक देशांतल्या रुग्णालयांना फुकट जातात. अट एकच. प्रत्येक ऑपरेशनचे आधीचे आणि नंतरचे एक्स-रे त्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत भरायचे. नोंदी आल्या की वापरलेल्या नेलांच्या बदल्यात नवे येतात. मला ही अट फार आवडली. दानाची जी खोकी मी तिथल्या कोठीत पाहिली त्यांत चार्जर नसलेली ड्रिल होती, मुदत संपलेले टाके होते, एकाच पायाचे बूट होते. पाठवणाऱ्यांनी नंतर काय झालं ते विचारलेलं नव्हतं. इथं कुणीतरी विचारत होतं.

साइनचा नेल भरीव असतो, आपल्याकडचे बहुतेक पोकळ. पोकळ नेल आधी घातलेल्या तारेवरून सरकवायचा आणि सी-आर्मच्या पडद्यावर बघत बसवायचा. भरीव नेलला तार नाही, पडदाही लागत नाही. हाड आतून कोरायचं तेही हातानं, टी-आकाराची मूठ फिरवून. वीज गेली तरी काम थांबत नाही. खरी युक्ती पुढं आहे. नेल हाडात गेला की तो फिरू नये, पाय आखूड होऊ नये म्हणून वर-खाली आडवे स्क्रू लागतात. वरचे सोपे. खालचं भोक हाडाच्या आत, मांसाच्या खाली, आणि ते बघायलाच सी-आर्म. साइनमध्ये नेल घालण्याआधी टेबलावर त्याला बाहेरून एक लांब दांडा जोडतात, त्याची भोकं नेलच्या खाचांशी जुळवतात, पेच आवळतात. नेल आत गेला की तोच दांडा पुन्हा लावायचा. त्याच्या भोकातून हाडाची अलीकडची भिंत कोरायची आणि तिच्यातून स्लॉट फाइंडर नावाची बोथट सळई आत सोडायची. मग डोळे मिटले तरी चालतात. विहिरीत पडलेली कळशी गळानं शोधताना दोरीतून हाताला कळतं ना, तसं. नुसतं हाड लागलं तर फाइंडर सैल फिरतो. खाच सापडली की तो धरला जातो, आणि नेलची मूठ किंचित हलवली की फाइंडरही तेवढाच हलतो.

हे मी पहिल्यांदा केलं ते तिथंच. एका तरुण रजिस्ट्रारनं, म्हणजे शिकाऊ सर्जननं, मला शिकवलं, शिकवायला मी गेलो होतो. तो कॉसेक्साच्या, म्हणजे पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या सर्जन महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी करत होता. साइनचे नेल त्यानं बरेच टाकले होते. त्याला अडायचं ते आधीच्या पायरीला, हाड जागेवर आणताना. सहा आठवडे उशिरा आलेली मांडी, टोकं एकमेकांवर चढलेली, मधे कच्चं हाड धरलेलं. तो जोर लावून ओढायचा. के-नेलच्या काळात आम्ही हे शेकड्यांनी केलेलं. दोन्ही टोकं जखमेबाहेर तंबूसारखी उभी करायची, कडा एकमेकींना टेकवायच्या आणि मग सावकाश सरळ करायचं. हाडालाच तरफ करायची, मनगटाला नाही. मी टेबलाच्या पलीकडं उभा राहिलो आणि हात पाठीमागं बांधले. खरंच बांधले, कारण समोर ठेवले की ते आपोआप पुढं जातात. तीसेक वर्षांची सवय. पेशंट एका चहाच्या मळ्यातला मजूर होता, दंडासारख्या मांड्या. तिसऱ्या खेपेला टोकं खटकन बसली. रजिस्ट्रार काही बोलला नाही. थिएटर सिस्टरनं मात्र घड्याळाकडं बघून एवढंच म्हटलं की जनरेटरचं डिझेल आज पुरेल.

मी स्वतः केलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं. हे त्या टेबलापाशी उभं असताना दर मिनिटाला मनात येतं आणि ते गिळायचं, हेच स्वयंसेवकाचं काम. भरपूर ऑपरेशनं स्वतः करून, फोटो काढून परतणाऱ्यांची पथकं तिथं येऊन गेली आहेत. त्यांच्या आठवणी तिथल्या लोकांनी फार सौम्य भाषेत सांगितल्या.

उघड्या फ्रॅक्चरचं काम वेगळं. नडगी मोडून हाड बाहेर, आणि पेशंट पोचतो तो दुसऱ्या दिवशी, कारण आधी आरोग्य केंद्र, मग गाडीची वाट. जखमेत माती, गवत, कधी सायकलच्या साखळीचं ग्रीस. इथं रॉड सुचणंच चूक. अँटिबायोटिक लगेच, मग मेलेलं मांस कापून काढायचं आणि धुवायचं, धुवायचं, धुवायचं. आपल्याकडं दाबाचं पाणी मारणारी यंत्रं विकायला येतात. २०१५मध्ये ‘फ्लो’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं, दाबानं फरक पडत नाही, आणि साबणापेक्षा साधं सलाईनच बरं. गरीब रुग्णालयासाठी याहून चांगली बातमी नाही. सलाईनची बाटली उंच टांगा, नळी सोडा, झालं. पण किती कापायचं, हे बाटली सांगत नाही. मांस चिमट्यात धरलं की आकसतं का, कापलं की रक्त येतं का, रंग कसा, चिमट्यात कुस्करतं का. हे चार प्रश्न मी प्रत्येक ओसीओला चिमटा हातात देऊन विचारायचो. नवखा माणूस कमी कापतो, भीतीनं. त्याला दोन दिवसांनी पुन्हा बघायला लावायचं, तेव्हा काळं पडलेलं त्याच्याच नजरेला पडतं. मला वाटतं, तिथं मी दिलेल्या शिकवणीतली सगळ्यात उपयोगी हीच, नेल नव्हे. बाहेरून पिना घालून सांगाडा बसवायचा, आणि हाड उघडं राहिलं तर पोटरीचा स्नायू वळवून झाकायचा. हा फ्लॅप आम्ही मृतदेहावर आणि मग एका पेशंटवर मिळून केला. प्लास्टिक सर्जनची वाट बघायची तर हाड वाळून जातं.

आणि आंबे. माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला मलावीत परकं न वाटण्याचं कारण आंबे. रस्त्याकडेला, शाळेत, रुग्णालयाच्या आवारात, जिकडं तिकडं झाडं. फरक इतकाच की आपला मोसम एप्रिल-मे, त्यांचा नोव्हेंबर ते जानेवारी. पोरं मात्र तीच. हातात खाली पिकलेला असताना शेंड्यावरचा हवा. चिपळूणला सुट्टीत माझ्याकडं दंडाच्या खालच्या टोकाचं, कोपराच्या वरचं हाड मोडलेली पोरं रांगेनं यायची. तिथं डिसेंबरात तीच रांग.

एका संध्याकाळी सात-आठ वर्षांचा मुलगा आला. कोपर इंग्रजी एससारखं, बोटं गार, मनगटाला नाडी लागत नाही. आईच्या ओढणीत अजून दोन कैऱ्या बांधलेल्या. चिपळूणला मी मुलाला हाक मारली असती, सी-आर्म लावला असता, वीस मिनिटांत दोन तारा घालून मोकळं. इथं एक्स-रेची फिल्म धुऊन यायलाच पाऊण तास. ओसीओंनी माझ्याकडं पाहिलं. केटामीन दिलं गेलं. त्यांनी हात थोडा वाकवून सावकाश खेचला, धरून ठेवला, टोक आडवं सरकलं होतं ते अंगठ्यानं जागेवर ढकललं, मग कोपर मागून दाबत दाबत वाकवलं. मी मनगटावर बोट ठेवून होतो. नाडी आली. आणखी वाकवलं तशी पुन्हा गेली. मी म्हटलं, ‘मागं.’ त्यांनी दहा-पंधरा अंश उलगडलं, नाडी परत आली. तिथंच थांबायचं. एक्स-रे सुंदर दिसावा म्हणून पुढं वाकवायचं नाही. सुजलेलं कोपर कोंबून प्लास्टरमध्ये बांधलं तर पंजा कायमचा आखडतो, आणि अशी बोटं मी आपल्याकडं हाडवैद्याच्या पट्ट्यांतून निघालेली पाहिली आहेत. आम्ही प्लास्टर नाही, नुसती पाठीमागून स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, दिली, हात उंच टांगला आणि रात्रभर तासातासानं बोटं बघायची पाळी लावली. सूज उतरल्यावर ओसीओंनी तारा घातल्या, कोपराच्या बाहेरच्या बाजूनं, हातानं टेकाड चाचपत. माझा तिथं काही संबंध नव्हता. मी चहा पीत होतो. मुलाच्या आईनं मला दोन आंबे दिले. रेषाळ होते. हापूसवाल्यानं मत देऊ नये.

ऑपरेशन चांगलं झालं की नाही हे कळण्याची साइनवाल्यांची एक पद्धत आहे, ती इथल्या प्रत्येक हाडांच्या डॉक्टरनं उचलावी अशी. पेशंट गावाकडून फेरतपासणीला येताना एक्स-रेचे पैसे, बसचे पैसे, हे सगळं अवघड. म्हणून त्याला सांगायचं, उकिडवा बस आणि हस. फोटो काढायचा. मांडी, गुडघा, घोटा, तिन्ही नीट चालत असतील तरच माणूस खाली बसतो, आणि दुखत नसेल तरच बसून हसतो. जेवायला, शेतात निंदायला, संडासला जो उकिडवा बसतो त्याच्यासाठी याहून सरळ कसोटी नाही. आपल्या फायलींमध्ये ‘गुडघा १२० अंश’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून त्या बाईला चुलीपुढं बसता येतं की नाही, ते कळत नाही. चहामळ्यातला तो मजूर मी परतल्यानंतर तपासणीला आला. फोटोत उकिडवा बसलाय, एक हात जमिनीला टेकलेला, हसू अर्धवट. रजिस्ट्रारनं खाली लिहिलं होतं, अजून पुरतं नाही, पुन्हा बोलावलंय. प्रामाणिक नोंद.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५च्या आयोगानं म्हटलं होतं, जगातल्या ५ अब्ज लोकांना वेळेवर, परवडणारी, सुरक्षित शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४.३ कोटी शस्त्रक्रियांची गरज आहे. हे आकडे ऐकले की माझ्यासारखे निवृत्तीला आलेले सर्जन विमानाचं तिकीट बघायला लागतात. जावं. पण असल्या आकड्यांपुढं दोन हात कुठे पुरणार? तिथल्या कोणाच्या हातात काय राहिलं, तेवढंच बघायचं. जाणाऱ्यांनी नोंदणीचे कागद तीन-चार महिने आधी सुरू करावेत. उरलेले इम्प्लांट बॅगेत भरून नेऊ नयेत. तिथल्या कपाटात भारतीय बनावटीच्या प्लेटा आहेतच, एकाच्या स्क्रूला दुसऱ्याचा पाना लागत नाही, त्यात भर नको. न्यायचंच तर दोन चांगल्या फिती न्या, जाड सुती दोरी न्या, आणि दोनदोन हातमोजे घालायची सवय करून जा. एचआयव्हीचं प्रमाण तिथं बरंच आहे, सुई टोचली तर लगेच घ्यायच्या गोळ्या कुठं ठेवल्यात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि ज्या आठवड्यात निघणार त्या आठवड्यात नवी मोठी ऑपरेशनं करू नका. मी शेवटचे दिवस फक्त ड्रेसिंग आणि जुन्या पेशंटच्या राउंडवर घालवले. सिस्टरला ते विचित्र वाटलं. पाहुणे शेवटच्या दिवशी यादी भरतात म्हणे.

आता व्हॉट्सॲपवर एक गट आहे. ओसीओ एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून फोटो पाठवतात. मागच्या आठवड्यात नडगीचं एक आलं, मी म्हटलं नेल टाका, ते म्हणाले गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर देऊन चालवतो. त्यावर रजिस्ट्रार, मी आणि राजधानी लिलाँग्वेतले एक सर्जन असे बराच वेळ वाद घालत होतो, आणि पेशंटला तोपर्यंत प्लास्टर घालूनही झालं होतं. पुढच्या खेपेला फ्लॅपचं शिक्षण आणि भूल, दोन्ही एकत्र न्यायचंय. पायाला सोनोग्राफी बघून नस बधिर करायची पद्धत तिथल्या लोकांना शिकायची आहे, पाठीतलं इंजेक्शन संपलं तरी काम चालावं म्हणून. त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा. कऱ्हाडच्या एका मॅडमना विचारलंय. त्या म्हणाल्या, मुलीची बारावी होऊ दे, मग बघू.